जंतूंचं वकीलपत्र

"जंतूबिंतू काही नसतं हो, आपली प्रतिकारशक्ती पाहिजे." हे वाक्य हल्ली कुठेही कानावर पडतं. सकाळी टेकडीवर, निसर्गोपचाराच्या शिबिरात, लग्नात जेवणाच्या रांगेत, आणि अर्थातच फॅमिली ग्रुपवर पहाटे पाचला. बोलणारी माणसं अडाणी नसतात. इंजिनिअर असतात, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी असतात, क्वचित नावामागे डॉक्टर लावणारेही असतात. त्यामुळे हे मत थट्टेवारी नेऊन चालणार नाही. उत्तर द्यायचं तर आधी ते त्याच्या सगळ्या बळानिशी मांडलं पाहिजे.

ते असं आहे. जंतू सगळीकडे आहेत. हवेत, पाण्यात, कातडीवर, आतड्यांत. तरी सगळे आजारी पडत नाहीत. एकाच घरात, एकाच माठातलं पाणी पिऊन धाकट्याला जुलाब लागतात आणि थोरला ठणठणीत असतो. म्हणजे आजाराचं खरं कारण जंतू नव्हे, शरीराची जमीन. जमीन बिघडली की जंतू रुजतात, चांगली असली की मरतात. खुद्द पाश्चर यांनी मरताना हे कबूल केलं. पेटेनकोफर नावाच्या जर्मन प्राध्यापकाने तर कॉलऱ्याचे जंतू पिऊन दाखवले आणि त्याला काही झालं नाही. आपले पणजोबा ओढ्याचं पाणी पीत आणि नव्वदी गाठत. तेव्हा लस, क्लोरिन, मास्क, अलगीकरण हा सगळा भीतीचा बाजार आहे. आहार-विहार सांभाळा, बाकी जंतूंना काय करायचं ते करू द्या.

यातलं 'म्हणजे'च्या आधीचं सगळं खरं आहे. घोटाळा 'म्हणजे'पासून सुरू होतो.

पाश्चर यांच्या कबुलीची गोष्ट आधी निकालात काढू, कारण ती सर्वांत हलकी आहे. लुई पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. 'जंतू काहीच नाही, जमीनच सर्व काही' असं ते शेवटी म्हणाले, याला भरवशाचा एकही पुरावा नाही. आणि समजा म्हणाले असते, तरी काय? विज्ञानातलं सत्य मृत्युपत्राने इकडचं तिकडे होत नाही. या कहाणीने खरं नुकसान केलंय ते वेगळंच. पाश्चर जन्मभर नुसते जंतूंमागे धावले आणि जमिनीचा विचार त्यांना शेवटच्या घटकेला सुचला, असा समज तिने पसरवला. प्रत्यक्षात जमिनीचं महत्त्व दाखवणारा एक देखणा प्रयोग त्यांनीच केलेला आहे.

गुरांना आणि माणसांना होणारी काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, कोंबड्यांना सहसा होत नाही. कोंबडीचं अंग माणसापेक्षा बरंच गरम, ४१-४२ अंश सेल्सिअस. ही ऊबच तिला वाचवत असेल का, अशी शंका पाश्चर यांना आली. त्यांनी एका कोंबडीला काळपुळीचे जंतू टोचले आणि थंड पाण्यात ठेवून तिचं अंग गार केलं. ती मेली. दुसरीला जंतू टोचले, पण गार केलं नाही. ती जगली. तिसरीला नुसतंच गार पाण्यात ठेवलं, टोचलं काहीच नाही. तीही जगली. १८७८ साली या कोंबड्या त्यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे पुरावा म्हणून नेल्या. जंतूंची वकिली करणारे पहिल्या दोघींना मोठ्या प्रेमाने साक्षीला बोलावतील. पाहा, जंतू दोघींत होते, मेली एकच! पण तिसरीचं नाव ते काढणार नाहीत. तिची जमीन पहिलीइतकीच बिघडवलेली होती. बी पडलं नाही म्हणून काही उगवलं नाही.

आता पेटेनकोफर. हा साक्षीदार वजनदार आहे आणि त्याची टिंगल करणं मला जमणार नाही. माक्स फॉन पेटेनकोफर म्युनिचमध्ये आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराला चांगलं पाणी आणि भुयारी गटारं मिळावीत म्हणून त्यांनी हयात घालवली. कॉलऱ्याचा जंतू असतो हे ते नाकारतही नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की नुसत्या जंतूने साथ येत नाही. त्याला विशिष्ट प्रकारची माती आणि भूजलाची विशिष्ट पातळी लागते, तिथे तो पिकतो आणि मगच मारक होतो. रॉबर्ट कॉख म्हणत होते, जंतू पाण्यातून थेट तोंडात जातो आणि तेवढं पुरतं. वाद हातघाईवर आला आणि ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, पेटेनकोफर यांनी आधी पोटातलं आम्ल मारायला सोडा घेतला आणि वर कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर पिऊन टाकलं.

पुढे काय झालं ते ग्रुपवर येत नाही. त्यांचं पोट काही दिवस बिघडलं आणि विष्ठेत कॉलऱ्याचे जंतू सापडले. दहा दिवसांनी त्यांचे शिष्य रुडॉल्फ एमेरिख यांनी तोच प्रयोग स्वतःवर केला. ते चांगलेच आजारी पडले, सुदैवाने वाचले.

विष्ठेत जंतू सापडले, इथे जरा थांबू. कॉलऱ्याची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना जुलाब होतच नाहीत किंवा किरकोळ होतात, पण जंतू त्यांच्या पोटातून बाहेर पडत राहतात. म्हणजे प्राध्यापकमहाशय स्वतः शाबूत राहून कॉलऱ्याचे वाहक झाले होते. तरी म्युनिचमध्ये साथ का आली नाही? कारण त्यांची विष्ठा ज्या गटारात गेली ते गटार त्यांच्याच खटपटीने झालं होतं, आणि शहर पाणी पीत होतं ते १८८३ पासून लांबच्या मांगफाल खोऱ्यातून आणलेलं. हाच प्रयोग त्यांनी उघड्या शौचाच्या आणि उथळ विहिरीच्या एखाद्या गावात केला असता, तर प्राध्यापक वाचले असते आणि गल्ली मेली असती.

एक माणूस आजारी का पडला आणि आजार गावात का पसरला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरात प्रकृती येते, वय येतं, उपासमार येते, आधी कधी तीच लागण झाली होती का हे येतं. आणि बऱ्याचदा विसरली जाणारी गोष्ट, मात्रा येते. रक्ती हगवणीच्या शिगेला जंतूंपैकी दहा ते शंभर पोटात गेले तरी पुरतात. कॉलऱ्याचे लाखो-कोट्यवधी लागतात, कारण जठरातलं आम्ल त्यांतले बहुतेक मारतं. एकाच माठातल्या पाण्याने धाकटा पडला आणि थोरला नाही, यात कोडं काहीच नाही. माठातून किती पेले प्यायले, पोट भरलेलं होतं की रिकामं, हात कुणी कशाला लावले, मागच्या पावसाळ्यात कोण आजारी होतं, अशा दहा गोष्टी त्यात असतात. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र वाट येते. जंतू एका पोटातून दुसऱ्या पोटात, एका छातीतून दुसऱ्या छातीत कसा पोचला? प्रतिकारशक्तीचे प्रचारक पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर लिहितात आणि दुसऱ्याचेही पूर्ण मार्क मागतात.

वाटेचं महत्त्व पाहायचं तर पेटेनकोफर यांच्या पेल्याच्या जेमतेम दोन महिने आधी, त्याच जर्मनीत जावं लागेल. ऑगस्ट १८९२ मध्ये हाम्बुर्गमध्ये कॉलरा फुटला. हाम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी उचलत होतं आणि न गाळता नळाला सोडत होतं. त्याला खेटून अल्टोना हे तेव्हा वेगळं असलेलं गाव. अल्टोना त्याच नदीचं पाणी घेई, तेही हाम्बुर्गची घाण नदीत पडल्यानंतर, खालच्या अंगाला. पाणी जास्त घाणेरडं अल्टोनाच्या वाट्याला येत होतं. फरक एकच होता. अल्टोना ते पाणी वाळूच्या गाळणीतून सावकाश झिरपवून मग लोकांना देत होतं. हाम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसं मेली. अल्टोनात त्या मानाने फारच थोडी, आणि त्यांतल्या अनेकांना लागण हाम्बुर्गमध्ये झालेली.

दोन्ही गावांची हद्द एका रस्त्यावरून जात होती. रस्त्याच्या एका बाजूला हाम्बुर्गचे नळ, दुसऱ्या बाजूला अल्टोनाचे. कॉख यांनी हा भाग बारकाईने पाहिला. हाम्बुर्गच्या बाजूच्या घरांत कॉलरा, समोरच्या घरांत नाही. माती तीच, भूजल तेच, हवा तीच, पाव आणि बटाटे तेच, गरिबीही तीच. पेटेनकोफर यांच्या जमिनीला बोलायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती आणि ती गप्प राहिली. आपल्याकडच्या प्रचारकांना माझा प्रश्न एवढाच आहे: रस्ता ओलांडला की प्रतिकारशक्ती वाढते का?

हाम्बुर्गला गाळणी परवडत नव्हती असंही नाही. ते युरोपातल्या श्रीमंत बंदरांपैकी एक. खर्च कुणी सोसायचा यावर घरमालकांचे वाद वर्षानुवर्षं चालले होते, आणि 'पाण्याचा संबंध नाही, दोष मातीचा' म्हणणारा सिद्धांत अशा वेळी सोयीचा पडतो. साथ सरली आणि १८९३ मध्ये गाळणी झाली.

असाच दाखला त्याआधी अर्धं शतक व्हिएन्नात मिळाला होता. तिथल्या मोठ्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते आणि दिवसाआड एकेकात भरती होई. म्हणजे गरोदर बायका सारख्याच, कोण कुठे जाणार हे वारावर ठरणार. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११.४ टक्के बाळंतिणी मेल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच तपासणीला येत. दुसऱ्यात सुइणी असत. इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरिनच्या चुन्याने हात धुण्याची सक्ती केली आणि आकडा कोसळला. तोवर जंतूंचा सिद्धांत रुजलाही नव्हता. बायकांची प्रकृती तीच होती, धुतले गेले ते डॉक्टरांचे हात.

वाट माहीत नसली की काय होतं, हे मात्र आपल्या मुंबईइतकं दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. सरकारला वाटत होतं, रोग घाणीतून, कोंदट हवेतून, जमिनीतून येतो. मग त्या समजुतीप्रमाणे लढाई सुरू झाली. गटारांतून पाणी आणि कार्बोलिक सोडलं, घरांना चुना फासला, ऊन यावं म्हणून कौलं काढली, जमिनी उकरल्या, सामान जाळलं. गटारं धुतल्याने उंदीर तिथून निघून घरांत शिरले असतील, हा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. पुण्यात घराघरात गोरे सोजीर शिरले, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७ रोजी. सक्ती होती, खर्च होता, लोकांचे हाल होते, आणि प्लेग जिथल्या तिथे होता.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवलं, की आजारी उंदरावरचा प्लेग दुसऱ्या उंदराला पिसवांमार्फत जातो. त्यांची बरीच हेटाळणी झाली. मग १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न धसाला लावला. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. प्लेगच्या जागेत गिनिपिगचे पिंजरे ठेवले. काही जमिनीवर, काही पिसवांच्या उडीच्या पल्ल्याबाहेर उंच टांगलेले. खालचे प्राणी मेले, वरचे जगले. हवा दोघांना तीच मिळत होती, वास तोच येत होता. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची लस, जी त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईतच आधी स्वतःला टोचून घेतली, ती एका बाजूने कामी आली. उंदीर-पिसू-माणूस ही साखळी कळली तेव्हा दुसऱ्या बाजूने काय करायचं तेही कळलं. प्रतिकारशक्ती वाढवा म्हणणाऱ्याला त्या वरच्या पिंजऱ्यातल्या गिनिपिगने काय खाल्लं होतं ते विचारावं.

आता खुद्द प्रतिकारशक्तीबद्दल. ती बँकेतल्या शिलकेसारखी एक रक्कम आहे, काढा पिऊन ती वाढते आणि कोणताही आजार आला की तिच्यातून भागवता येतं, असा एकूण समज आहे. शरीर असं चालत नाही. ओळखीच्या शत्रूला ते झोडपतं, अनोळख्यापुढे गोंधळतं. याचा सर्वांत सुंदर पुरावा अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर मिळाला. तिथे १७८१ मध्ये गोवर येऊन गेला होता, त्यानंतर ६५ वर्षं नाही. १८४६ मध्ये जहाजाबरोबर तो परत आला. सुमारे ७,८०० वस्तीपैकी सहा हजारांहून अधिक लोक काही महिन्यांत आजारी पडले. पेटर लुडविग पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला आणि त्याने घरोघर फिरून टिपणं केली. त्याला काय दिसलं? समुद्राची हवा, मासळी, मेंढीचं मटण यांवर पोसलेले धडधाकट तरुण अंथरुणाला खिळले होते. आणि १७८१ मध्ये लहानपणी गोवर झालेले म्हातारे, ज्यांची हाडं कुरकुरत होती, त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. जोम एकीकडे आणि संरक्षण दुसरीकडे. म्हाताऱ्यांच्या पेशींना एका विशिष्ट विषाणूची ओळख होती, बस्स. लस हेच काम गोवर अंगावर न घेता करते.

'गोवर येऊन गेला की पोर दणकट होतं' हेही त्याच कुळातलं वाक्य. गोवराचा विषाणू आधीच्या आजारांची ओळख जपणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं, की गोवरानंतर मुलांच्या रक्तातली इतर जंतूंविरुद्धची कमावलेली प्रतिपिंडंही मोठ्या प्रमाणात नाहीशी होतात. शिवाय हा विषाणू बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि लसीकरण नसलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देतो.

आणि शक्ती वाढवायचीच म्हणता, तर वाढलेली शक्ती काय करते तेही पाहा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक येऊ लागले. आकडा दोनशेच्या वर गेला. चांगली चालती-बोलती माणसं पायातलं बळ जाऊन व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, नोरोव्हायरसही सापडला, आणि बोट पाण्याकडे गेलं. कॅम्पिलोबॅक्टर स्वतः मज्जातंतू खात नाही. त्याच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच आपल्या मज्जातंतूंवर तुटून पडतात. माणसाला लुळं करते ती त्याची प्रतिकारयंत्रणाच. अशा रुग्णाच्या नातेवाइकाला 'इम्युनिटी कमी पडली' म्हणून सांगणारे लोक मी त्या महिन्यात ऐकले आहेत. डेंग्यूतही, दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची लागण झाली की पहिल्या वेळची प्रतिपिंडं कधी कधी आजार चिघळवतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले, आणि त्यात वीस ते चाळीस वयाची, ऐन उमेदीतली माणसं नेहमीच्या मानाने फार होती.

पणजोबांबद्दल थोडक्यात. नव्वदी गाठलेला पणजोबाच गोष्ट सांगायला उरतो. त्याची पाळण्यात गेलेली भावंडं बोलत नाहीत. जनगणनेचा इतिहास काढून पाहा: १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढली नाही, घटली. ओढ्याचं पाणी, गावरान तूप, सूर्योदयाला उठणं, सगळं जागेवर होतं.

या मताच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य केलं नाही तर मीही वकीलच ठरेन. क्षयाचं उदाहरण घ्या. क्षयाचा जंतू जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येच्या शरीरात दबा धरून आहे आणि त्यांतल्या पाच ते दहा टक्क्यांनाच पुढे कधीतरी आजार होतो. कुणाला होतो, यात भुकेचा हात मोठा आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरुग्णांच्या घरच्यांना तांदूळ-डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यं दिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांत नवा क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. जमिनीचं महत्त्व सांगणारा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. पण तो काय सांगतो? कुपोषिताला धान्य द्या. पोटभर जेवणाऱ्या मध्यमवर्गाला महागडी पावडर विका, असं तो सांगत नाही. आणि धान्य वाटताना भार्गव यांनी क्षयरुग्णांची औषधं बंद केली नव्हती.

माझा खरा आक्षेप विज्ञानापलीकडचा आहे. आजार जमिनीमुळे होतो असं एकदा ठरलं, की आजारी माणूस आपोआप आरोपी होतो. तू बाहेरचं खाल्लंस, तू उशिरा झोपतोस, तुझं पोर सर्दाळू. जलवाहिनीला गटाराची लाइन कुठे खेटली आहे, पाण्याच्या टाकीचं झाकण किती दिवस उघडं आहे, हे विचारायची गरजच उरत नाही. हाम्बुर्गच्या घरमालकांना जे सोयीचं होतं तेच आजच्या कुठल्याही नगरपालिकेला सोयीचं आहे. प्रतिकारशक्तीवरचं व्याख्यान फुकटात होतं. पाइपलाइन बदलायला निविदा काढावी लागते.

नारूचं काय झालं ते आठवा. आपल्याकडच्या दुष्काळी गावांत ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको: पायावर फोड येतो, तो फुटतो, आणि त्यातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येऊ लागतो, हातभर, कधी त्याहून लांब. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, कित्येक दिवस. तुटला तर पाय सुजतो, पिकतो. हा सूक्ष्मजंतू नव्हे, डोळ्यांनी दिसणारा जंत आहे, पण वाटेचा धडा याच्याइतका स्वच्छ दुसरा कुणी देत नाही. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, फोडातून अळ्या पाण्यात पडतात, पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव त्या गिळतो, तो पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातो, आणि साधारण वर्षाने त्याच्या पायावर फोड येतो. याला लस नाही. जंत मारणारं नेमकं औषध नाही. एकदा होऊन गेला तरी शरीर काही शिकत नाही. त्याच माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा होतो. म्हणजे प्रतिकारशक्तीच्या प्रचारकांपाशी इथे बोलायलाही काही नाही. तरी नारू गेला. पाणी कापडाने गाळून प्यायला लावलं, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या रहाटाच्या केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारले, रुग्णाला पाण्यात उतरू दिलं नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला.

साधनं आजही गावातच आहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते आणि ओटी टेस्टची छोटी पेटी. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकायचे. क्लोरिन असेल तर पाणी लगेच पिवळं होतं. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन हवं. ताज्या टीसीएलमध्ये ते तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतं, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की उडून जातं, आणि मग चुना टाकल्यासारखं होतं. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ आली आणि कुणी काढ्याची पाकिटं वाटायला आलं, तर त्यांना चहा पाजा आणि शेवटच्या नळापाशी घेऊन जा. थेंब टाकून पाणी पिवळं झालं नाही, तर कुणाची प्रतिकारशक्ती कमी आहे ते विचारू नका. टीसीएलचं पोतं कधी आलं, ते कुठे ठेवलंय आणि रोज टाकल्याची सही कुणाची आहे, ते विचारा.